हातात तलवार, ओठांवर मंत्र

फॅन्टसी रोलप्लेइंग खेळाच्या नियमांत शस्त्र आणि मंत्र यांची गाठ चार ठिकाणी पडते. एकाच पात्राने दोन्ही वापरावे की नाही, हा पहिला प्रश्न. लढाईच्या फेरीत आधी काय पुरे होते, तलवारीचा वार की मंत्राचा शेवटचा शब्द, हा दुसरा. वार लागला की नाही आणि मंत्र फळला की नाही, हे एकाच फाशाने ठरवायचे की वेगवेगळ्या रीतीने, हा तिसरा. मंत्र शस्त्रात उतरवला किंवा शस्त्राच्या टोकातून समोरच्याच्या अंगात सोडला, तर त्याचा हिशेब कसा मांडायचा, हा चौथा आणि सर्वांत अवघड. टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फाशांच्या जोरावर खेळल्या जाणाऱ्या या खेळांनी ५० वर्षांत चारही प्रश्नांची उत्तरे पुन्हा पुन्हा बदलली. त्या बदलांना एक दिशा आहे. आरंभी मनाई होती, मग किंमत आली आणि अलीकडे दोन्ही एकमेकांत मिसळू लागले आहेत.

या खेळांचे मूळ युद्धखेळांत आहे. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरन यांचे ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियमपुस्तक १९७१ साली निघाले. टेबलावर मांडलेल्या छोट्या सैनिकांच्या फौजा लढवण्यासाठी ते होते आणि त्याला फॅन्टसीची एक पुरवणी जोडलेली होती. त्या पुरवणीत जादूगार आहे, पण त्याचे काम तोफखान्याचे आहे. त्याच्या आगीच्या गोळ्याचा मारा मोठ्या दगडफेक यंत्राच्या माऱ्याइतकी जागा व्यापतो आणि विजेचा लोळ जड तोफेच्या माऱ्याप्रमाणे मोजला जातो. १९७४ मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ तीन पुस्तिकांत आला. फौजेच्या जागी एकेक पात्र आले, तरी तोफखान्याचा विचार तसाच राहिला. मारा भयंकर, पण स्वतःचा बचाव करण्याची ताकद नाही. म्हणून पुढे कोणी तरी ढाल घेऊन उभे राहायलाच हवे.

मंत्रांची पद्धत जॅक व्हान्स या लेखकाच्या १९५० सालच्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकावरून घेतलेली होती. मंत्र आधी मनात साठवायचा आणि एकदा उच्चारला की तो स्मरणातून पुसला जायचा. तलवारीला अशी मर्यादा नाही. तलवार म्हणजे रोजची मजुरी आणि मंत्र म्हणजे गाठीला बांधलेला पैसा, असा हा फरक आहे, आणि पुढचे बहुतेक नियम या फरकाशी झगडताना दिसतात.

१९७४ च्या नियमांत जादूगाराला खंजिराखेरीज शस्त्र नव्हते. धर्मोपदेशकाला, म्हणजे क्लेरिकला, धारदार शस्त्र वर्ज्य होते. चिलखतही जादूगाराला नाही. ही मनाई वरवर दिसते तशी चालत नव्हती. त्या पहिल्या पुस्तिकांत बहुतेक सर्व शस्त्रांची इजा एकाच सहा बाजूंच्या फाशाने मोजली जाई. खंजीर लागला काय आणि तलवार लागली काय, आकडा तोच. त्यामुळे खंजिराच्या बंधनाने जादूगाराच्या घावाचे काहीच बिघडत नव्हते. बंधनाची खरी झळ लागायची ती जादुई तलवारींच्या बाबतीत. या तलवारींना स्वतःची बुद्धी, स्वभाव आणि अहंकार असे, काहींत अदृश्य गोष्टी दिसण्यासारख्या शक्ती असत, आणि त्या फक्त योद्ध्यासाठी राखीव होत्या. जादूगाराला मंत्र आणि जादूच्या कांड्या, योद्ध्याला बोलती तलवार, अशी ती वाटणी होती. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीने प्रत्येक शस्त्राला वेगळा फासा दिला. खंजिराला चार बाजूंचा, तलवारीला आठ बाजूंचा. तेव्हा कुठे जुन्या मनाईला घावाच्या हिशेबातही अर्थ आला.

ज्या साहित्यावरून हे खेळ निघाले, त्यात मात्र अशी मनाई कुठेच नाही. टॉल्किनचा गँडाल्फ ग्लॅमड्रिंग ही तलवार बाळगतो आणि तिने लढतो. फ्रिट्झ लायबरचा ग्रे माउझर तलवारबाज आहे आणि कधीकाळी जादूगाराचा शिष्य होता. मायकेल मूरकॉकचा एल्रिक तर मोठा मांत्रिक असून त्याची स्टॉर्मब्रिंगर ही तलवार माणसांचे आत्मे पिते. गायगॅक्सने १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये दिलेल्या प्रेरणादायी वाचनाच्या यादीत हे सगळे लेखक आहेत. म्हणजे मनाईचे कारण कथेत नव्हते, खेळाच्या रचनेत होते. चौघे-पाच जण टेबलाशी बसले तर प्रत्येकाला दुसऱ्याची गरज वाटली पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व. ते तत्त्व योग्यच होते. साधन तेवढे ढोबळ होते. पहिल्याच आवृत्तीत त्याला फट पडली होती. एल्फ जातीचे पात्र एका मोहिमेत योद्धा आणि दुसऱ्या मोहिमेत जादूगार होऊ शकत असे. १९८१ च्या बेसिक नियमांत तर एल्फ हा स्वतंत्र वर्गच झाला आणि चिलखत घालून, तलवार हाती धरून मंत्र म्हणू लागला.

फेरीतल्या वेळेचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, कारण शस्त्र आणि मंत्र यांची खरी टक्कर तिथेच होते. ‘अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या १९७७ ते १९७९ दरम्यान निघालेल्या आवृत्तीत लढाईची फेरी एका मिनिटाची असे आणि तिचे सहा-सहा सेकंदांचे दहा भाग पाडलेले असत. प्रत्येक मंत्राला किती भाग लागतात ते ठरलेले होते. प्रत्येक शस्त्रालाही वेगाचा आकडा होता. मंत्र पुरा होण्याआधी जादूगाराला एक जरी घाव लागला, तरी मंत्र वाया जाई आणि स्मरणातूनही निघून जाई. या आकड्यांची सांगड घालण्याचे नियम इतके गुंतागुंतीचे होते की अनेक ठिकाणी ते बाजूला ठेवून खेळ चाले. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने ते सोपे केले. दहा बाजूंचा फासा टाकायचा, त्यात मंत्राचा वेळ किंवा शस्त्राचा वेग मिळवायचा, आणि ज्याची बेरीज लहान तो आधी. शस्त्राचा वेग धरणे ऐच्छिक होते. खंजिराचा आकडा २, लांब तलवारीचा ५, दोन हातांनी पेलायच्या तलवारीचा १०. मॅजिक मिसाइल या मंत्राचा १ आणि आगीच्या गोळ्याचा ३.

या आकड्यांनी टेबलावर जे घडते, ते नियमपुस्तकातल्या कुठल्याही वर्णनापेक्षा बोलके आहे. आगीचा गोळा टाकू पाहणाऱ्या जादूगाराला अवजड तलवारवाल्याची भीती कमी आणि खंजीर घेऊन जवळ सरकलेल्या क्षुद्र चोराची भीती जास्त. दुर्बळ शस्त्राला वेगाचे मोल मिळाले. योद्ध्याच्या कामालाही नवे वजन आले, कारण शत्रूला सहा-सात क्षण थोपवून धरणे म्हणजेच आपल्या माणसाचा मंत्र पुरा होऊ देणे. शस्त्र आणि मंत्र यांना एकमेकांवर अवलंबून ठेवणारी याहून चांगली युक्ती नंतरच्या आवृत्त्यांना सापडलेली नाही.

इतर खेळांनीही तोच प्रश्न आपापल्या परीने सोडवला. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’मध्ये फेरीचे बारा टप्पे असतात. शस्त्र कोणत्या टप्प्यावर लागते हे माणसाची चपळाई, त्याचा आकार आणि शस्त्राची लांबी यांवरून ठरते. मंत्र चपळाईवरून ठरतो आणि त्यात ओतलेल्या प्रत्येक वाढीव गुणागणिक एकेक टप्पा मागे जातो. जोर हवा असेल तर उशीर सोसा, असा सरळ सौदा. स्टीव्ह जॅक्सनच्या ‘गर्प्स’मध्ये एक पाळी म्हणजे एक सेकंद. तिथे आगीचा गोळा तीन सेकंद हातात फुगवत बसता येतो, पण तेवढ्या वेळात समोरचा तलवारबाज तीन वार करून जातो. मध्येच इजा झाली तर लक्ष टिकवण्यासाठी मनोबलाचा फासा टाकावा लागतो.

२००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधला हा ताण जवळजवळ संपवला. बहुतेक मंत्र आता आपल्याच पाळीत सुरू होऊन आपल्याच पाळीत संपतात. शत्रू शेजारी असेल तर मंत्र म्हणताना त्याला एक फुकटचा वार मिळतो. तो लागला तर १० अधिक इजा अधिक मंत्राची पातळी एवढा आकडा एकाग्रतेच्या फाशाने गाठावा लागतो. मात्र सावधपणे मंत्र म्हणण्याचीही सोय होती, आणि त्यासाठी १५ अधिक मंत्राची पातळी एवढे पुरत असे. कौशल्य पूर्ण वाढवलेल्या आणि प्रकृतीमुळे २ ची भर मिळणाऱ्या पाचव्या पातळीच्या जादूगाराला तिसऱ्या पातळीचा मंत्र असा म्हणताना ६५ टक्के यश मिळते. तोच पंधराव्या पातळीला पोचला की आठव्या पातळीचा मंत्र तो ९० टक्के वेळा सुखरूप म्हणतो. शिवाय पाच फूट मागे सरकले की फुकटचा वार टळतोच. मंत्र जितका भयंकर, तितका तो थोपवणे कठीण, अशी उलटी गंगा वाहू लागली. योद्ध्याची ताकद सरळ रेषेत वाढते आणि जादूगाराची वर्गाच्या वेगाने, ही खेळाडूंची जुनी तक्रार याच काळात सर्वांत तीव्र झाली, त्यामागे मंत्रांच्या ताकदीइतकाच या हरवलेल्या अडथळ्याचा हात होता.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मंत्र म्हणताना तो वाराने मोडतच नाही. मोडते ते नंतरचे लक्ष. टिकून राहणाऱ्या अनेक मंत्रांना एकाग्रता लागते, एका वेळी असा एकच मंत्र धरता येतो, आणि प्रत्येक घावाला १० किंवा इजेच्या निम्मे, यांतला मोठा आकडा प्रकृतीच्या फाशाने गाठावा लागतो. जुन्या नियमात योद्धा मंत्राच्या आधी रक्षण करी, या नियमात मंत्राच्या नंतर करतो. गेलेले सगळे परत आले नाही, तरी बाणाला पुन्हा काम मिळाले.

चिलखत आणि हात यांचे नियमही याच कुळातले. तिसऱ्या आवृत्तीने चिलखताची मनाई उठवून तिच्या जागी टक्केवारी आणली. हातवारे लागणारा मंत्र चामड्याच्या चिलखतात १० टक्के वेळा फसतो, साखळीच्या चिलखतात ३०, संपूर्ण पोलादी चिलखतात ३५. क्लेरिकला हे लागू नाही, कारण त्याची शक्ती देवाकडून येते. ‘रोलमास्टर’ या खेळात जादूच्या प्रकारागणिक अडथळा वेगळा: मनाच्या शक्तीने चालणाऱ्या जादूला शिरस्त्राण आड येते. पाचव्या आवृत्तीत चिलखत घालण्याचे शिक्षण असले की पुरे. पण तिथे हातांचा हिशेब कडक आहे. हातवाऱ्यांना एक हात मोकळा लागतो, तलवार आणि ढाल धरलेल्याला तो नसतो. क्लेरिक आपले पवित्र चिन्ह ढालीवर कोरून घेतो आणि त्याच हाताने काम भागवतो, पण फक्त ज्या मंत्रांना साहित्य लागते त्यांच्यापुरते. साहित्य न लागणाऱ्या, म्हणजे खरे तर सोप्या मंत्रासाठी मात्र त्याला हातातले शस्त्र खाली टाकावे लागते. ही विसंगती अनेक टेबलांवर दुर्लक्षिली जाते, आणि ते बरोबरच आहे. ज्यांना नियम काटेकोर पाळायचा असतो ते वॉर कास्टर हे खास कौशल्य घेतात.

फाशाचा प्रश्न थोडक्यात आटोपतो. जुन्या पद्धतीत शस्त्रधारी स्वतः फासा टाकून वार लागला की नाही ते पाहतो, तर मंत्राच्या बाबतीत ज्याच्यावर तो पडतो त्याने बचावाचा फासा टाकायचा असतो. मॅजिक मिसाइल तर कधी चुकतच नाही. तिसऱ्या आवृत्तीने स्पर्शाचे मंत्र वाराच्या फाशावर आणले, पण चिलखत त्यांच्या हिशेबातून वगळले. विजेला पोलादाची काय तमा? २००८ च्या चौथ्या आवृत्तीने सगळेच वाराच्या फाशावर आणले: तलवार चिलखताविरुद्ध, मंत्र बहुधा चपळाई, प्रकृती किंवा मनोबलाविरुद्ध. गणित स्वच्छ झाले, पण तलवारबाज आणि जादूगार यांच्या पाळ्या एकसारख्या वाटू लागल्या. ‘गर्प्स’ने याबाबत अधिक समंजस वाट काढली आहे. तिथे आगीचा गोळा आधी मंत्राच्या कौशल्याने तयार होतो, मग वेगळ्या कौशल्याने फेकावा लागतो, आणि समोरचा तो चुकवू शकतो किंवा ढालीवर घेऊ शकतो. एकदा हातातून सुटला की मंत्रही फेकलेल्या शस्त्रासारखाच वागतो.

मंत्राने शस्त्र भारण्याची कल्पना महाभारत ऐकत वाढलेल्या वाचकाला नवी नाही. ‘रूनक्वेस्ट’ने ती सर्वांत सहजपणे वापरली आहे. त्या खेळाच्या ग्लोरांथा या जगात जादू ही एका वर्गाची मिरास नाही. भालाईत, शेतकरी, भाडोत्री सैनिक, सगळ्यांना थोडेफार मंत्र येतात. ब्लेडशार्प या मंत्राचा प्रत्येक गुण तलवारीच्या कौशल्यात ५ टक्के आणि घावात १ ची भर घालतो. लढाईआधी पात्याला मंत्र लावणे हे तिथे धार लावण्याइतके नेहमीचे काम आहे. केन सेंट आंद्रे यांच्या १९७५ च्या ‘टनेल्स अँड ट्रोल्स’मध्येही जादूगाराचा एक मंत्र धारदार शस्त्राचा घाव त्या फेरीपुरता दुप्पट करतो.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या तिसऱ्या आवृत्तीत मात्र या मिलाफाला बाजाराचे रूप आले. जादुई शस्त्राची किंमत त्याच्या गुणाच्या वर्गाला २,००० सोन्याच्या नाण्यांनी गुणून काढायची: +१ ची तलवार २,०००, +३ ची १८,०००, +५ ची ५०,०००. पण २००३ च्या सुधारित नियमांत ग्रेटर मॅजिक वेपन हा मंत्र बाराव्या पातळीच्या जादूगाराने म्हटला की साधी तलवारही बारा तास +३ होते. सारख्या जातीचे गुण एकमेकांत मिळवता येत नाहीत, मोठा तेवढा धरायचा, असा नियम होता. त्यामुळे हुशार खेळाडू +१ चीच तलवार घेत, उरलेल्या पैशांत तिला ज्वाळा किंवा थंडी यांसारखे वेगळे गुण जोडत आणि आकडा वाढवण्याचे काम रोज सकाळी सोबतच्या जादूगाराकडून करून घेत. नियम लिहिणाऱ्यांनी किंमतीचा तक्ता आणि मंत्राची यादी वेगवेगळी तपासली की असे होते. तरीही या पळवाटेत एक चांगली गोष्ट आहे: योद्ध्याची धार दुसऱ्याच्या मंत्रावर अवलंबून राहते आणि दोघे एकमेकांना बांधले जातात.

मंत्र शस्त्रातून सोडण्याचे नियम लिहिणे सर्वांत कठीण. त्यात दोन वेगळ्या हिशेबांची एकाच घावात बेरीज होते. २००९ च्या ‘पाथफाइंडर’ खेळाला २०११ मध्ये मॅगस हा वर्ग मिळाला आणि त्याने हा प्रश्न पुरता उघडा पाडला. मॅगस एका हाती तलवार धरतो, दुसरा हात मंत्रासाठी मोकळा ठेवतो, आणि फेरीच्या सगळ्या वारांवर २ ची तूट सोसून वार आणि मंत्र दोन्ही करतो. स्पर्शाचा मंत्र तो थेट पात्यातून उतरवू शकतो. इथेच गोम होती. हाताने स्पर्श केला तर तडाखेबंद घावाची शक्यता फक्त २० या आकड्यावर, म्हणजे ५ टक्के. वक्र सिमिटार तलवारीतून तोच मंत्र गेला की १८ ते २० या आकड्यांवर, म्हणजे १५ टक्के, आणि पात्याची धार जादूने वाढवली की ३० टक्के. शॉकिंग ग्रास्प हा पहिल्या पातळीचा मंत्र पाच फाशांपर्यंत इजा करतो. तडाखेबंद घावात ती दुप्पट होते. परिणामी वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या वयांचे मॅगस एकच तलवार घेऊन एकच मंत्र म्हणताना दिसू लागले. नियम एका जोडीला इतके झुकते माप देतो, तेव्हा उरलेली शस्त्रे आणि उरलेले मंत्र पुस्तकातच राहतात.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीतल्या पॅलाडिन या धर्मयोद्ध्याचा दैवी प्रहार हे याच प्रश्नाचे दुसरे उत्तर. २०१४ च्या नियमांत तो मंत्र म्हणत नाही, मंत्राचा साठा खर्च करतो: पहिल्या पातळीच्या साठ्याला आठ बाजूंचे दोन फासे, पुढच्या प्रत्येक पातळीला एक वाढीव, जास्तीत जास्त पाच. हा निर्णय वार लागल्यावर घ्यायचा असल्याने साठा कधी वाया जात नाही; तडाखेबंद घाव पडलेला पाहून मोठा साठा ओतता येतो. इतर जादूगारांना सहसा अशी खात्री नव्हती. २०२४ च्या सुधारित नियमांनी या प्रहारालाच मंत्र केले. आता त्यासाठी पाळीतली एक जादा कृती खर्च होते, त्यामुळे एका पाळीत तो एकदाच करता येतो, आणि समोरचा जादूगार प्रतिमंत्राने तो रोखू शकतो. अनेक पॅलाडिन खेळाडूंना हा बदल रुचला नाही, पण तो न्याय्य आहे. शस्त्रातून सुटणाऱ्या मंत्राने मंत्राचे धोकेही सोसले पाहिजेत. त्याच पुस्तकात ट्रू स्ट्राइक हा मंत्र उलट दिशेने बदलला: जादूगार आता आपल्या बुद्धीच्या जोरावर तलवारीचा वार करतो. ज्याला १९७४ मध्ये खंजिरापलीकडे काही मिळत नव्हते, त्याच्या बुद्धीलाच शस्त्रविद्येची जागा मिळाली.

उरतो तो प्रतिकाराचा भाग, म्हणजे ज्यांच्यावर एक चालते आणि दुसरे चालत नाही असे शत्रू. चांदीच्या किंवा जादुई शस्त्राशिवाय न मरणारे राक्षस पहिल्या आवृत्तीपासून आहेत. त्यांच्या उलट टोकाला गोलेम. तिसऱ्या आवृत्तीच्या २००३ मधल्या सुधारित नियमांतल्या लोखंडी गोलेमवर जवळजवळ कुठलाही मंत्र चालत नाही. वीज त्याला थोडा वेळ मंद करते आणि आगीने त्याच्या जखमा भरतात. त्याचे अंग फोडायला अ‍ॅडमंटाइन धातूचे शस्त्र लागते, नाही तर प्रत्येक घावातून १५ गुण वजा होतात. आगीचा गोळा फेकायची सवय लागलेल्या टोळीला असा एक शत्रू पुरेसा असतो. त्या दिवशी जादूगार योद्ध्याच्या मागे उभा राहून फक्त त्याचे बळ वाढवतो.

प्रतिकाराचा सर्वांत खोल विचार ‘आर्स मॅजिका’ या १९८७ च्या खेळाने केला. जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हॅगन यांचा हा खेळ मध्ययुगीन युरोपातल्या मांत्रिकांचा आहे. पुढे ट्वीट ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या तिसऱ्या आवृत्तीचा प्रमुख रचनाकार झाला. इथल्या मांत्रिकाभोवती पार्मा मॅजिका हे जादुई कवच असते. पुरेशी भेदकता नसलेला मंत्र त्याला शिवत नाही. साधा बाण मात्र सरळ आत जातो, म्हणून ढाल धरणारा सामान्य शिपाई सोबत ठेवावा लागतो. मंत्राने उचलून भिरकावलेल्या दगडाचे काय? तो दगड मुळात साधा, मंत्राने त्याला फक्त वेग दिला. म्हणून मांत्रिकाने नेम धरायचा आणि कवच आड येत नाही. पण २००४ च्या पाचव्या आवृत्तीत जादूचा परिणाम ज्या वस्तूवर टिकून आहे, ती वस्तूच कवच अडवते. यातून गुलाबी ठिपक्याचा पेच निघाला. शत्रूच्या तलवारीवर एखादा निरुपद्रवी मंत्र टाकून फक्त एक गुलाबी ठिपका उमटवला, तर ती तलवार जादूने भारलेली ठरते आणि मांत्रिकाच्या कवचावर थबकते. शस्त्र अधिक जादुई झाले की अधिक दुबळे व्हावे, असा हा निकाल आहे. तो नियमाच्या शब्दांना धरून आहे, म्हणूनच त्याची चर्चा थांबत नाही. काही टोळ्या तो मान्य करून आपल्या शिपायांच्या तलवारींवर मंत्र न टाकण्याची शिस्त पाळतात. काही जण कवच फक्त जादूमुळे होणारी वाढीव इजा अडवेल, पात्याचा मूळ घाव नाही, असे आपापसात ठरवून घेतात.